रकान्यानं गिळलेलं शून्य

शिवकांतानं कुणाच्या औषधाचा थेंबसुद्धा चोरला न्हाय. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण गेल्या श्रावणात येरमाळ्याच्या रस्त्यावरच्या हाटेलात चहा ढोसत बसणाऱ्या निम्म्या लोकांनी ह्याच्या उलटं सांगितलं, आन् त्यातल्या एकानंबी तिच्यासमोर येऊन तसं म्हणायची हिंमत केली न्हाय. एक हिंमतराव सोडला तर. त्यो आपल्या नावाला जागला.

बाई तशी दबून राहणारी न्हाय. हसली की पलीकडच्या गल्लीत कळतं, शिवकांता हसली. माहेर नळदुर्गाच्या पलीकडं, घरात कन्नड. लग्न होऊन आली तवा मराठी निम्मी समजायची, निम्मी अंदाजानं रेटायची. पहिल्या दिवाळीला पाव्हणे आले, तिनं ताट वाढून मोठ्या मानानं सांगितलं, "ऊट माडी." म्हंजे जेवण करा. पाव्हण्यांना ऐकू आलं, "ऊठ, माडी." ते बिचारे खरंच उठले आन् माडीचा जिना हुडकायला लागले. वर नुसते पत्रे. गल्लीतल्या बायकांनी हे वर्षभर पुरवून पुरवून सांगितलं. शिवकांता रडत बसली न्हाय. तिनं त्याच बायकांना गोड कन्नड शब्द म्हणून चार शिव्या शिकवल्या, अर्थ सांगितलाच न्हाय. त्या एकमेकींना लाडानं त्या घालत होत्या, तोवर थोडं कन्नड कळणारे सासरे महालिंगप्पा तिकडनं आले आन् कानावर हात ठेवून माघारी पळाले.

गावातल्या बायकांच्या बचत गटाला फवारणीचं ड्रोन मिळालं, तवा सगळ्या टाळ्या वाजवायला हुत्या. गटाच्या अध्यक्ष धुरपदाबाईंनी विचारलं, "आता उडवणार कोण?" तर सगळ्यांना एकदम आपापल्या पायातली जोडवी बघायची आठवण झाली. शिवकांता म्हणाली, "म्या उडवते. पडलं तर उचलून आणते."

शिकून आली. पहिल्याच दिवशी मशीनच्या वाऱ्यानं महालिंगप्पांची टोपी उडून कडब्याच्या गंजीवर गेली, ती अजून सापडली न्हाय. मशीनचं नाव तिनं नंदी ठेवलं. उतरवताना त्याच्याशी कन्नडमध्ये बोलायची, "बा, बा, निधान." ये, ये, सावकाश. आन् नंदी खरंच सावकाश यायचा.

आता औषधाचं. ह्या मशीनला एकराला दहा लिटर पाणी लागतं, आन् त्या पाण्यात औषध मापानं. औषध गटाचं. शिवकांताच्या ओट्यावर मिसळायचं, कॅनमध्ये भरून रानात न्यायचं. रान किती, त्यावरनं पाणी किती, औषध किती, हे तोंडी करताना तिची गडबड व्हायची. मनात मोजायची कन्नडमध्ये, बोलायची मराठीत, आन् मधी कुणी "काय शिवकांता, काय चाललंय" म्हणून गेलं की परत पहिल्यापासनं.

म्हणून तिच्या नणंदेनं, गायत्रीनं, तिला मोबाइलवर एक ॲप बनवून दिलं. गायत्री धाराशिवला कालेजात कॉम्प्युटर शिकते, रोज एसटीनं जाऊन येऊन. पोरगी हुशार आन् तिला ते माहीत हाय. ॲपमध्ये एक रकाना, त्याच्यावर लिहिलेलं: "रान किती?" आकडा टाकायचा, बटण दाबायचं, खाली पाणी आन् औषध.

पहिल्या दिवशी शिवकांतानं मराठी आकडे टाकले. रकाना कोराच. "तुजा रकाना मुका हाय," ती म्हणाली.

"वैनी, इंग्रजी आकडे टाक. मराठी त्याला कळत न्हाईत."

"मग त्यो कुठल्या गावचा?"

दुसऱ्या दिवशी उन्हात स्क्रीन दिसंना, टिंबाच्या जागी तिचं बोट स्वल्पविरामावर पडलं. एक, स्वल्पविराम, वीस. ॲपनं स्वल्पविराम सोडून दिला आन् एकशेवीस एकर धरलं. बाराशे लिटर पाणी आणा म्हणालं. शिवकांता बांधावर बसून इतकी हसली की जवळची म्हैस दावं तोडून गेली.

ते ऐकून गायत्री चिडली. तिनं एक रविवार घालवून रकाना सुधारला. स्वल्पविराम चालंना असं केलं. वरनं सांगितलं, "आता तू काय बी टाक, बोट बाजूला घेतलं की त्यो स्वतःच आकडा साफ करून दाखवंल." आन् खरंच तसं झालं. तिथंच घोळ झाला.

आपल्याकडं कुणाला रान विचारा. "एक वीस," म्हणंल. "दोन दहा." "तीन तीस." एक वीस म्हंजे एक एकर वीस गुंठे. चाळीस गुंठ्याचा एकर, म्हंजे एक वीस झालं दीड एकर. कागदावर लिहितानाबी लोक एक लिहितात, टिंब देतात, वीस लिहितात. ते टिंब म्हंजे नुसता बांध. अलीकडं एकर, पलीकडं गुंठे. शाळेत अपूर्णांक शिकवला तवा निम्मा गाव गुरं राखत होता.

हिंमतरावचं रान एक वीस. सोयाबीनवर अळी पडली, त्यानं नंदीला बोलावलं. शिवकांतानं टाकलं, 1.20. बोट बाजूला घेतलं. रकान्यात दिसलं, 1.2. तिला वाटलं शून्य नीट दाबलं गेलं न्हाय. परत टाकलं. परत शून्य गेलं. तिसऱ्यांदा टाकलं आन् शून्याकडं डोळे लावून बसली. ते तिच्यासमोर गेलं. "गिळलं गं बया," ती म्हणाली. पण उशीर होत होता, हिंमतराव फाट्यावर उभा राहून शिट्ट्या मारत होता. ॲपनं बारा लिटर सांगितलं, तिनं बारा लिटर केलं.

रानाच्या पलीकडच्या काठाला बाभळीची रांग हाय. तिथं पोचायच्या आधीच टाकी संपली.

"तात्या, औषध पुरलं न्हाय. राहिलेला काठ उद्या मारते," शिवकांता म्हणाली.

"मार की. काय घाई हाय का," हिंमतराव म्हणाला. पण उद्या वारा सुटला. परवाबी. आठवडाभर असा वारा की नंदीला अंगणातनं बाहेर काढायची सोय न्हाय. तोवर अळीनं काठाचं सोयाबीन असं खाल्लं की पानांची चाळण झाली.

ह्याच्या आधीबी दोन-तीन ठिकाणी औषध कमी पडलं होतं. शिवकांताला वाटायचं नळीचं तोंड गळतंय. रोज संध्याकाळी ती फवाऱ्याची तोंडं काढून सुईनं साफ करत बसायची. पण लोकांना नळीशी काय घेणं? त्यांना दिसत होतं एवढंच, की दुसऱ्यांच्या रानाचे काठ खाल्लेले, आन् शिवकांताचं स्वतःचं सोयाबीन काळंशार, काठापर्यंत. तिचं रान बरोबर दोन एकर. वर गुंठा न्हाय. पण हे ध्यानात कुणाच्या यावं?

गटाची बैठक महादेवाच्या मंडपात झाली. बायकांची बैठक, पण हिंमतराव येऊन खांबाला टेकून उभा राहिला. धुरपदाबाई त्याची भावजय. त्या म्हणाल्या, "भाऊजी, बोलायचं असंल तर खाली बसून बोला."

"बसतो. पर ह्या पायलटबाईला इचारा, माझं औषध कुठं मुरलं?"

"तात्या, सरळ बोला," शिवकांता उठली. "म्या चोरलं म्हणता का?"

"म्या कशाला म्हणू? तुजं सोयाबीनच म्हणतंय."

बायका गप. ज्यांच्या काठाला अळी लागली न्हाय त्याबी गप. त्या गप्प बसण्यानं शिवकांताला जास्त लागलं. इतक्या वर्षांत तिला कानडी म्हणलं, येडी म्हणलं, तिनं हसून घेतलं. चोर कुणी म्हणलं नव्हतं.

धुरपदाबाईंनी निकाल दिला. बाई कडक, पण तिरकी न्हाय. "दुसरी फवारणी पंधरवड्यानं हाय. ती पहिली भाऊजींच्या रानावर व्हईल, सगळ्यांसमोर. काठ राहिला तर मशीन दुसरीच्या हातात. न्हाय राहिला तर परत कुणी तोंड उघडायचं न्हाय. भाऊजी, तुमीसुद्धा."

संध्याकाळी गायत्री एसटीतनं उतरून घरी आली तर चूल थंड आन् शिवकांता फवाऱ्याच्या तोंडात सुई घालत बसलेली. सगळं ऐकून गायत्री पेटली. "कोण म्हणलं चोर? हिंमततात्या? थांब, आत्ता जाते." दप्तर न टेकता वळली.

"जाऊन काय करशील?"

"त्यांच्या दारात उभी राहून वरडंन."

"वरडायला म्या कमी हाय का? बस खाली. आदी मला सांग, तुजं ॲप बरोबर हाय का?"

गायत्रीचं तोंड एकदम बदललं. वैनीसाठी ती गावाशी भांडली असती, पण ॲपला बोट लावलेलं तिला खपत न्हाय. "ॲप शंभर टक्के बरोबर हाय. तूच काय तरी उलटं टाकलं असंल."

"म्या उलटं टाकलं? म्या टाकते ते तुजा रकाना गिळतो!"

"काय गिळतो?"

"शून्य! एक वीस टाकलं की मागचं शून्य गप्पकन गिळतो."

"अगं वैनी," गायत्री शिकवायच्या सुरात म्हणाली, "त्या शून्याला किंमतच न्हाय. टिंबाच्या पुढं शेवटी आलेलं शून्य असलं काय, नसलं काय. एक पूर्णांक वीस आन् एक पूर्णांक दोन, एकच की."

शिवकांतानं सुई खाली ठेवली. "एकच? वीस गुंठं आन् दोन गुंठं एकच? मग तुज्या वाटणीला दोन देते आन् म्या वीस घेते. चालंल?"

पलीकडं बाजेवर महालिंगप्पा डोळे मिटून पडले होते. झोपलेत असं सगळ्यांना वाटत होतं. ते डोळे न उघडता म्हणाले, "अठरा गुंठं गेलं कुठं पर?"

गायत्रीच्या खांद्यावरचं दप्तर घसरून खाली पडलं.

"वैनी... तू एक वीस म्हंजे एक एकर वीस गुंठे टाकत हुतीस?"

"मग काय एक एकर वीस म्हशी टाकू?"

"अगं, ॲप त्याला दशांश समजतंय! एक एकर, आन् वर एकराचा पाचवा हिस्सा. म्हंजे..." तिनं बोटांवर मोजलं. "आठ गुंठे. वीसाच्या जागी आठ धरलं. बारा गुंठ्याचं औषध कमी पडलं."

"तात्याचा काठ दहाएक गुंठंच खाल्लाय," शिवकांता म्हणाली. आन् मग ती हसायला लागली. पलीकडच्या गल्लीत कळलं.

गायत्री मात्र हसली न्हाय. "माझ्यामुळं तुला चोर म्हणले," ती म्हणाली. डोळ्यात पाणी.

"तुज्यामुळं न्हाय, टिंबामुळं. तुजं टिंब शाळेत गेलंय, माजं रानात. रडू नको, च्या टाक."

दुसऱ्या दिवशी गायत्रीनं एसटीतच फेरफार केला. टिंबाच्या पुढं जे येईल ते गुंठे. सोपं. ती घरी आल्या आल्या शिवकांतानं धुरपदाबाईंना बोलावून दाखवायला मोबाइल हातात दिला. धुरपदाबाईंचं रान दीड एकर. त्यांनी टाकलं, 1.5. त्यांचा पोरगा बँकेत लागलाय, त्याच्याकडनं त्या तसं लिहायला शिकलेल्या. ॲप म्हणालं, एक एकर पाच गुंठे.

"हे काय? माजं पंधरा गुंठं कुठं गेलं?" धुरपदाबाई म्हणाल्या. "शिवकांता, गिळायचं काय थांबंना बया तुजं मशीन."

गायत्री डोकं धरून बसली. एकच टिंब. हिंमततात्यांसाठी बांध, धुरपदाकाकूंसाठी दशांश. रकान्याला कसं कळावं, समोर बोट कुणाचं हाय?

"टिंबच काढ," शिवकांता म्हणाली.

"काढून?"

"दोन घरं कर. एकात एकर, एकात गुंठं. भावकीत भांडण लागलं की काय करतात? मधी भिंत घालतात. घाल."

गायत्रीनं भिंत घातली. दोन रकाने. गुंठ्याच्या रकान्यात चाळीस किंवा त्याच्या वर टाकलं की ॲप विचारायचं, "एकर वाढवू का?" मराठी आकडेबी घ्यायला शिकवलं, इंग्रजीबी. आन् वैनीनं आणखी एक काम सांगितलं. "त्याला परत बोलायला लाव. म्या टाकलं ते त्याला काय कळलं, ते आपल्या भाषेत सांगू दे. चूक असंल तर तिथंच कळंल. म्या पाव्हण्याला ऊट माडी म्हणलं तवा त्यांनी 'म्हंजे काय' इचारलं असतं, तर जिना हुडकला असता का?"

मग रकान्यांच्या खाली एक ओळ यायला लागली. एक आन् वीस टाकलं की, "एक एकर वीस गुंठे, म्हणजे दीड एकर." दोन आन् दहा टाकलं की, "सव्वादोन एकर." दोन आन् तीसला, "पावणेतीन एकर." गायत्रीला वाटलं होतं हे लई अवघड जाईल. पण दहा गुंठे म्हंजे पाव, वीस म्हंजे अर्धा, तीस म्हंजे पाऊण. आपले जुने शब्द गुंठ्यावर असे बसले, जणू मापानं शिवलेले.

फवारणीच्या सकाळी हिंमतरावच्या रानात जत्रा. ज्यांना काम होतं तेबी आले. शिवकांतानं तोंडाला ओढणी बांधली, मोबाइल हिंमतरावच्या हातात दिला.

"तात्या, तुमीच टाका."

"म्या? माजा काय संबंध?"

"रान तुमचं, बोट तुमचं. मागनं माज्या बोटाला नाव ठेवायचं न्हाय."

हिंमतरावनं एक टाकला. वीस टाकले. खालची ओळ त्यानं मोठ्यानं वाचली, "एक एकर वीस गुंठे, म्हणजे दीड एकर." मान हलवली. "बरोबर. दीडच." खाली पंधरा लिटर आलं. सगळ्यांसमोर पंधरा लिटर केलं.

नंदी उठला. पिकाच्या तासाला तास लावून गेला, आला. टाकी संपली, परत भरली. बाभळीच्या रांगेकडं जायला लागला तसे लोक बांधावर सरकले. गायत्रीनं त्या दिवशी कालेज बुडवलं होतं, ती ओठ चावत उभी. काठ जवळ आला. चाळण झालेल्या पानांवर बारीक धुकं पडलं. पार बांधाच्या दगडापर्यंत. एक फूटबी कोरडा राहिला न्हाय.

बायकांनी टाळ्या वाजवल्या. शिवकांतानं नंदीला खाली बोलावलं, "बा, बा, निधान," आन् टाकीचं झाकण काढलं.

टाकीत लिटरभर औषध शिल्लक होतं.

टाळ्या थांबल्या. मागनं कुणीतरी म्हणालं, "आता उरलं. मागं कमी, आता जास्ती. ह्यात काय तरी हायच." शिवकांतानं गायत्रीकडं बघितलं. गायत्री मोबाइलवर परत परत आकडा बघत होती. दीड एकर, पंधरा लिटर. चूक कुठंच न्हाय.

शिवकांता रानाकडं बघत राहिली. ह्या काठापासनं त्या काठापर्यंत. मग म्हणाली, "तात्या, तुमचा गोठा कुठल्या रानात हाय?"

"कुठल्या म्हंजे? ह्याच की."

"आन् पाण्याची हीर?"

"ह्यातच."

"कडब्याची गंज?"

हिंमतरावनं कान खाजवला. धुरपदाबाईंनी पदर सावरला. "भाऊजी, एक वीसात गोठा, हीर, गंज सगळं धरलं व्हय?"

"बापानं एक वीस सांगितलं," हिंमतराव जमिनीकडं बघत म्हणाला, "म्हणून म्या बी एक वीसच सांगतो. गोठ्यावर सोयाबीन पेरतंय का कोण?"

"मग गोठ्यावर औषध कशाला मागता? म्हशीला अळी झाली का?" धुरपदाबाई म्हणाल्या, आन् सगळा बांध हसला. हिंमतरावनं आदी तोंड फिरवलं, मग त्यालाबी हसू फुटलं.

उरलेलं औषध शिवकांतानं टाकीतच ठेवलं, नंदी उठवला आन् सगळ्यांच्या डोळ्यांदेखत हिंमतरावच्याच बांधावरच्या तुरीवर मारून टाकलं. टाकी उलटी करून दाखवली. थेंब न्हाय.

माफी वगैरे हिंमतरावनं मागितली न्हाय. त्याच्या घराण्यात ती कुणी मागितल्याचं ऐकिवात न्हाय. पण लोक पांगले तसा त्यो शिवकांताच्या मागं मागं रस्त्यापर्यंत आला. नंदीची बॅटरी उचलून गाडीत ठेवली. आन् म्हणाला, "सूनबाई, उद्या थोरल्या पोराच्या रानात ये."

सूनबाई म्हणाला. पायलटबाई न्हाय.

"किती हाय?" शिवकांतानं मोबाइल काढला.

"दोन तीस."

"तात्या, रान न्हाय विचारलं. पेरा किती हाय?"

हिंमतराव थांबला. आभाळाकडं बघून बोटं मोजायला लागला. "वढा हाय मधनं, त्यो काढ. बोरीची झुडपं हायत. दहा गुंठं त्यात गेलं. दोन वीस लाव."

गायत्री गाडीच्या फाळक्यावर बसली होती. तिनं वैनीच्या हातातला मोबाइल घेतला, रकान्यांवरचं नाव ओठातल्या ओठात वाचलं आन् परत दिला. "आज घरी गेल्यावर वरचं नाव बदलते," ती म्हणाली. "'रान किती' काढते. 'पेरा किती' लिहिते."

"लिही. आन् मोठं लिही, उन्हात दिसलं पायजे."

शिवकांतानं पहिल्या घरात दोन टाकला, मराठी. दुसऱ्या घरात वीस. बोट बाजूला घेतलं आन् सवयीनं डोळे रोखून बसली. खाली ओळ आली, "दोन एकर वीस गुंठे, म्हणजे अडीच एकर." हिंमतरावनं वाकून वाचलं आन् "व्हय" म्हणाला.

शून्य जागच्या जागी होतं.